सीओई हॉट रॉड सतत तापतेय? थांबा, आधी नवा रेडिएटर घेऊ नका

जून लागला की मला तोच एक फोन यायला सुरुवात होते, माणसं वेगळी पण प्रश्न एकच. घरातून निघाली की गाडी मस्त असते, पंधरा-वीस मिनिटांनी काटा चढायला लागतो, २१०, २२०, २३० फॅरनहाइट, मग बाजूला घेऊन उभा राहतो, आता काय करू, मोठा रेडिएटर टाकू का? विचारणाऱ्यांतले निम्मे लोक एक मोठा रेडिएटर आधीच टाकून बसलेले असतात. मी पण टाकला होता. एक नाही, दोन उन्हाळ्यांत तीन. तिसऱ्यानंतर बायकोने गॅरेजमध्ये येऊन तिन्ही ओळीने लावले आणि म्हणाली दुकान काढतोस का. तर हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवून देता येईल.

गाडी कुठली ते आधी सांगतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. १९४६ ची शेवरले सीओई, म्हणजे कॅब ओव्हर इंजिन, बिननाकाचा ट्रक. भारतात आपल्याला आता जवळजवळ सगळे ट्रक सपाट तोंडाचेच दिसतात त्यामुळे त्यात काय एवढं असं वाटेल, पण अमेरिकेत ह्यांची एक वेगळीच कहाणी आहे. इथे पूर्वी राज्याराज्याचे लांबीचे नियम होते, ट्रक आणि ट्रेलर मिळून अमुक फुटांच्या वर जायचं नाही, मग नाक कापून ड्रायव्हरला इंजिनवर बसवला की तेवढीच जागा मालाला. फोर्डने १९३८ मध्ये आपला सीओई आणला, शेवरले, डॉज सगळ्यांचे होतेच. १९८२ च्या कायद्याने मोठ्या हायवेवरची एकूण लांबीची अट गेली आणि लोक परत लांब नाकाच्या ट्रकांकडे वळले. चाळीसच्या दशकातल्या ह्या गोलगप्पू केबिनी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून शेताच्या कडेला गंजत पडलेल्या. त्या उचलायच्या, खाली नवीन चासी घालायची आणि हॉट रॉड करायची, म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन टाकून ती नव्याने बांधायची, हा इथला जुना नाद आहे. माझ्या केबिनखाली शेवरलेच्याच सी-३० ड्युअलीची चासी आहे, मागे डबल टायरवाली, आणि इंजिन ३५०, म्हणजे ५.७ लिटर व्ही-एट. मूळ ट्रकमध्ये सहा सिलिंडरचं शंभराच्या आत हॉर्सपॉवरवालं इंजिन होतं, त्याच खोक्यात आता जवळजवळ तिप्पट ताकद कोंबलेली आहे.

आता ज्यांनी एसटीचा जुना लाल डबा पाहिलाय त्यांना पुढचं लगेच कळेल. ड्रायव्हरच्या शेजारी ते इंजिनाचं झाकण असायचं बघा, बोनेट, त्याच्यावर कंडक्टरची पेटी, कुणाची तरी पिशवी, आणि शेजारच्या माणसाची मांडी भाजलेली. सीओईमध्ये अगदी तेच. इंजिन दोन सीटांच्या मध्ये, वर लोखंडी झाकण, इथे त्याला डॉगहाऊस म्हणतात. साध्या हॉट रॉडमध्ये बोनेटखाली मोकळी जागा असते, गरम हवा चाकांच्या बाजूने निघून जाते. इथे समोर ग्रिल, मग रेडिएटर, मग लगेच एक बोगदा आणि त्या बोगद्यात लाल झालेले हेडर, म्हणजे एक्झॉस्टचे पाइप. हवा आत शिरायला वाट आहे, बाहेर पडायला बहुतेक वेळा कुणी ठेवलेलीच नसते.

म्हणून पहिला प्रश्न "किती तापते" हा नाहीच, "कधी तापते" हा आहे. हे नीट बघितल्याशिवाय एक पैसा खर्च करू नका.

त्याच्याही आधी काटा खरं बोलतोय का ते बघा. सीओईची केबिन रबरी बुशांवर बसलेली असते आणि हॉट रॉडमध्ये सगळ्याला झक्क पेंट मारलेला, म्हणजे केबिनला अर्थिंग कुठून मिळणार? इंजिन ते चासी, चासी ते केबिन अशा दोन पट्ट्या लागतात आणि दुसरी कायम विसरली जाते. गाडी चालू ठेवून हेडलाइट लावा, पंखा लावा, काटा टुणकन हलला तर तापमान नाही बदललेलं, अर्थिंगची बोंब आहे. सेंडरच्या, म्हणजे काट्याला तापमान कळवणाऱ्या सेन्सरच्या, आट्यांना टेफ्लॉन टेप भरभरून गुंडाळली असेल तर ती पण काढा, सेंडरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. मग इन्फ्रारेड गनने थर्मोस्टॅटच्या (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल) हाउसिंगवर तापमान घ्या, फक्त चकचकीत अॅल्युमिनियमवर ती गन सपशेल खोटं बोलते, तिथे काळ्या रंगाचा ठिपका मारा आणि त्या ठिपक्यावर धरा. आणि हो, १९५ डिग्री फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट असेल तर गाडी १९५ ते २१० मध्ये चालणारच, तो आजार नाही. रेडिएटरला १५ पौंड दाबाची टोपी आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर उकळायला २६० च्या वर जावं लागतं, त्यामुळे चढावर २२० दिसलं म्हणून लगेच देव पाण्यात घालू नका. २३० च्या वर आणि चढतच राहिलं तर मात्र थांबा.

उभी असताना, सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की उतरते, असं असेल तर पंखा. इथे शोधायला सोपं आहे. वेगात वारा आपोआप येतो, साधारण ताशी ३५ मैलाच्या वर पंख्याची गरज नसते, त्याच्या खाली सगळं पंख्यावर. पंख्याला श्राउड, म्हणजे भोवतीचा घेर, आहे का, म्हणजे सगळ्या रेडिएटरमधून हवा ओढली जाते की मधल्या गोल भागातूनच? इलेक्ट्रिक पंखा असेल तर तो योग्य दिशेने फिरतोय का हे बघा, हसू नका, वायरी उलट्या जोडलेल्या गाड्या मी दोनदा बघितल्यात, वर मालक म्हणतो पंखा फिरतोय की. ग्रिलसमोर कागद धरा, आत चिकटला पाहिजे. आणि सीओईची खास गोम म्हणजे बॅटरी बहुतेक मागे फ्लॅटबेडखाली असते, तिथून पुढपर्यंत वायर किती लांब आणि किती बारीक? पंखा चालू असताना मीटर थेट पंख्याच्या प्लगवर लावा. बॅटरीला १३.८ व्होल्ट आणि पंख्याला साडेअकरा आले तर पंखा अर्धपोटी काम करतोय. जाड वायर, पंख्याजवळ रिले, चांगलं अर्थिंग, विषय संपला. तसंच टायमिंग बघून घ्या, स्पार्क उशिरा पडत असेल तर जळण एक्झॉस्टमध्ये सरकतं आणि हेडं तापतात. ३५० ला आयडलला १० ते १२ डिग्री आणि एकूण ३४-३६ च्या आसपास चालतं, आणि व्हॅक्यूम अॅडव्हान्सची, म्हणजे स्पार्क लवकर पाडणाऱ्या डबीची, नळी कुणीतरी काढून बूच मारलेलं असतं ती परत लावा.

हायवेला तापते, आयडलला ठीक, हा प्रकार जास्त किचकट आणि सीओईत हाच जास्त. ह्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

एक तर हवा रेडिएटरमधून जातच नाही, आजूबाजूने जाते. ग्रिल उंच आणि रुंद, रेडिएटर त्याहून लहान, कडेने चार-चार बोटं फट. पाण्यासारखंच हवेचं, सोपी वाट दिसली की तिकडे. फटी पत्र्याने, रबराने, फोमने, कशानेही बंद करा पण बंद करा. दुसरं, बोगद्यातली हवा बाहेर पडत नाही त्यामुळे आत दाब धरतो आणि समोरून नवीन हवा शिरायला तयार नसते. मूळ ट्रक उंच होता, चाकाभोवती भलं मोठं अंतर, सगळं उघडं. आपण काय करतो, केबिन खाली आणतो, आतून चाकाला छान पॅनेल लावतो, खाली पत्रा मारतो आणि मग म्हणतो तापते. माझ्या गाडीत मी लोकरीचे वीतभर धागे टेपने चिकटवले, ग्रिलवर, चाकाच्या आतल्या पॅनेलवर, खालच्या कडेला, आणि मित्राने शेजारच्या गाडीतून ताशी ५५ मैलाला फोनवर शूटिंग केलं. खालच्या कडेचे धागे चक्क पुढच्या बाजूला उडत होते. म्हणजे खालून हवा आत घुसत होती, जिथून बाहेर पडायला हवी होती तिथूनच. रेडिएटरच्या खाली आडवी पट्टी लावली, रस्त्याच्या दिशेने पाच इंच लोंबणारी, एअर डॅम म्हणतात तिला, आणि चाकाच्या आतल्या पॅनेलला दोन्हीकडे लूव्हर, म्हणजे हवा जायच्या तिरप्या खाचा, पाडून घेतले. एवढ्याने हायवेवर १२-१५ डिग्री उतरलं. पट्टी कचऱ्यातल्या पत्र्याची होती.

हायवेवरचीच आणखी काही कारणं आहेत, ती भराभर सांगतो. खालचा होज वेगात आतून ओढला जाऊन चपटा होतो, त्यात स्प्रिंग असली पाहिजे, गाडी उभी करून रेस करताना कुणाला तरी बघायला सांगा. वॉटर पंप उलट्या फिरतीचा आहे का ते तपासा, सर्पेंटाइन बेल्टवाल्या इंजिनांना पंप उलटा फिरणारा असतो आणि व्ही-बेल्टवाल्यांना सुलटा, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, जुन्या इंजिनला नवा पंप असा संसार झाला की पाणी नीट फिरत नाही. गिअरबॉक्स ७००आर४ हा ऑटोमॅटिक असेल तर लॉकअपची, म्हणजे वेगात इंजिन आणि बॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची, वायर जोडलीय का? बऱ्याच जणांनी नुसता बॉक्स बसवलेला असतो, लॉकअप लागतच नाही, कन्व्हर्टर सतत घसरत राहतो आणि ती सगळी गरमी ऑइलमधून रेडिएटरच्या पोटातल्या कूलरला जाते, तिथून तुमच्या पाण्यात. वेगळा ऑइल कूलर लावा.

आता माझी स्वतःची फजिती. वरचं सगळं करून पण माझी गाडी वेड्यासारखं वागायची. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, ५८० हायवेने ट्रेसीकडे जाताना आल्टामाँटचा चढ लागतो, पवनचक्क्यांचा, उंची काही फार नाही, साधारण हजार फूट. खंबाटकीसमोर तो म्हणजे गतिरोधक. तिथे काटा १९० वरून एकदम २४० ला उडी मारायचा, हळूहळू नाही, उडीच, आणि माथ्यावर पोचलो की परत धाडकन खाली. असं पाणी तापत नाही हो. एवढं पाणी मिनिटभरात ५० डिग्री चढूच शकत नाही, हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं. पण मी तिसरा रेडिएटर मागवला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते पण तीनदा.

त्या उन्हाळ्यात आबा कराडहून आले होते. एसटीत सत्तावीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. त्यांना शेजारी बसवून आल्टामाँट चढवला, काट्याने उडी मारली, मी दाखवलं. म्हणाले, "पाण्यात एअर धरलीया तुझ्या." डिझेल गाडीत लाइनमध्ये हवा शिरली की आपल्याकडे एअर धरली म्हणतात, मला वाटलं सवयीने बोलले. घरी आल्यावर म्हणाले, "झाकण काढ, मला टोपी कुठाय आन पाणी कुठवर जातंय ते दाव." आणि मग दोरीला पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून लेव्हल काढली, गवंडी काढतात तशी. माझ्या रेडिएटरची टोपी थर्मोस्टॅटच्या हाउसिंगपेक्षा दोन इंच खाली होती.

इथे गोम समजून घ्या. साध्या पिकअपमध्ये रेडिएटरची टोपी हा सगळ्यात उंच बिंदू असतो, हवा वर येते आणि टोपीतून निघून जाते. आपण केबिन बसावी म्हणून रुंद आणि बुटका रेडिएटर घेतो, चासीच्या दोन रेलांच्या मध्ये खाली ठेवतो, आणि इंजिन आहे तिथेच राहतं. शिवाय ३५० चं इंजिन मागे थोडं झुकवून बसवतात, पुढचं टोक तीन-चार डिग्री वर, आणि थर्मोस्टॅट नेमका पुढच्या टोकाला. म्हणजे सिस्टीमचा सगळ्यात उंच कोपरा इंजिनमध्येच. टोपीपर्यंत गच्च पाणी भरलं तरी तिथे हवेचा बुडबुडा बसून राहणार. थर्मोस्टॅट पाण्यात नाही, हवेत. हवेत तो वेळेवर उघडत नाही, सेंडरला कधी वाफ लागते कधी पाणी, म्हणून काट्याच्या उड्या. हीटर कोअर, म्हणजे केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर, डॅशबोर्डखाली अजून वर, तिथे आणखी एक बुडबुडा. रेडिएटर कितीही मोठा घ्या, बुडबुड्याला काय फरक पडतो.

उपाय मात्र स्वस्त निघाला. सगळ्यात उंच जागी एक छोटी दाबाची टाकी, दीडेक लिटरची, १५ पौंडाची टोपी आता त्या टाकीवर, आणि रेडिएटरच्या तोंडावर बंद टोपी, जी दाब सोडत नाही. टाकीच्या तळातून जाड होज वॉटर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला, ३५० च्या पंपावर हीटरच्या परतीच्या पाण्याचं तोंड असतं तिथे टी टाकून. आणि टाकीच्या वरच्या अंगाला पाव इंची बारीक नळी थर्मोस्टॅट हाउसिंगच्या डोक्यावरून, दुसरी रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून. हवा ह्या बारीक नळ्यांतून टाकीत येते, पाणी खालून परत जातं, आपोआप. थर्मोस्टॅटच्या पट्टीला ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा, भोक वरच्या बाजूला ठेवून बसवा. टाकी गच्च भरू नका, पाणी फुगायला वर मोकळी जागा लागते. पहिल्यांदा भरताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर फुल गरमवर, टोपी उघडी, इंजिन आयडलला, थर्मोस्टॅट आपोआप उघडेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा.

हे करून पण बुडबुडे थांबतच नसतील तर मग हेड गॅस्केटचा संशय घ्या. पार्ट्सच्या दुकानात निळ्या औषधाची टेस्ट किट मिळते, टोपीच्या तोंडावर धरायची, निळ्याचं पिवळं झालं की जळलेला वायू पाण्यात येतोय. ते असेल तर वरचं काहीही उपयोगाचं नाही, हेड उघडा.

आबांचा दुसरा सल्ला होता थर्मोस्टॅटचा वॉल काढूनच टाक, आमच्याकडे सगळे काढत्यात. तो ऐकू नका. इंजिन नीट तापत नाही, हिवाळ्यात हीटर लागत नाही, ऑइलमध्ये गाळ धरतो, आणि खरं दुखणं तिथंच राहतं. ह्यावर आमचं दोन दिवस वाजलं होतं. मी एकदा काढून दाखवला, सकाळी कामावर जाताना काटा १४० वर, म्हणाले बरं राहू दे.

एक गोष्ट जिवाची आहे ती नीट वाचा. बाकीच्या गाडीत रेडिएटर तापला तर आपण बाहेर उभं राहून बोनेट उघडतो. सीओईत टोपी जर डॉगहाऊसखाली असेल तर तुम्ही केबिनमध्ये बसून, मांडीशेजारी, २५० डिग्रीचं दाबातलं पाणी उघडताय. टाकी केबिनच्या बाहेर ठेवा, केबिनच्या मागच्या भिंतीला वगैरे, आणि टोपीखालच्या ओव्हरफ्लोची नळी खाली रस्त्यापर्यंत न्या. तसंच डॉगहाऊसच्या तळाची रबरी पट्टी आणि वायरींची सगळी भोकं सील करा, फक्त गरमीसाठी नाही, एक्झॉस्ट कुठे गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट नाकात येतो आणि त्याला वास नसतो. घरात लावतात तसला बॅटरीवरचा अलार्म माझ्या डॅशखाली कायम असतो.

आता राहिला शेवटचा प्रकार, चालताना ठीक पण बंद करून दहा मिनिटांनी परत चालू होत नाही. प्लेझंटनच्या हॉट रॉड शोला ऑगस्टमध्ये गेलात तर गेटवर दर वर्षी कुणीतरी असा अडकलेला दिसेल. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, आणि सगळी गरमी झाकणाखाली वर चढते, कार्बोरेटर तिथेच बसलेला. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते लवकर उकळतं, बाउलमधलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं. कार्बोरेटरखाली फिनॉलिकचा, म्हणजे गरमी वर न जाऊ देणाऱ्या प्लास्टिकचा, जाड स्पेसर टाका, पेट्रोलची लाइन हेडरपासून लांब घ्या, टाकीकडे परतीची लाइन असेल तर उत्तमच, आणि पंख्याला टायमर लावा म्हणजे बंद केल्यावर चार-पाच मिनिटं चालू राहील. किल्ली फिरवल्यावर नुसतं टक् होत असेल तर पेट्रोलचा दोष नाही, स्टार्टर हेडरला चिकटून भाजतोय, त्याला उष्णतारोधक कापडाचं वेष्टण घाला.

भारतातून पण काही जण विचारतात की जुन्या टाटाला असं करता येईल का. तांत्रिकदृष्ट्या काहीही करता येतं हो, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघता कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असले फेरफार चालत नाहीत, नोंदणीचं लफडं होईल. इथे कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट माफ आहे, म्हणून आमची चंगळ.

माझी गाडी आता आल्टामाँटला २०५ च्या वर जात नाही, ग्रेपव्हाइनचा लांब चढ जुलैच्या दुपारी २१८ ला काढला, आणि तिथे रस्त्याकडेला रेडिएटरसाठी ठेवलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत ना, त्यांच्यासमोरून हॉर्न वाजवत गेलो. एकच राहिलंय, उजवा पाय. हेडरची पाइप अॅक्सिलरेटरच्या शेजारून जाते आणि तासाभराने बुटाचा तळ मऊ लागतो. आधी पत्र्यावर उष्णतारोधक चादर, मग अर्धा इंच हवेची पोकळी, मग दुसरा पत्रा असं करून बघणार आहे ह्या शनिवारी. आबा फोनवर म्हणाले गोणपाट ओला करून टाक.